रुग्णालयापुढे कोणती आकडेवारी ठेवावी? एका लहान संस्थेच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली संस्था अनेक वर्षे वस्तीपातळीवर काम करते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि दीर्घ आजार असलेल्यांना जेवण पोहोचवणे, औषधे वेळेवर घेतली जातात की नाही हे पाहणे आणि तपासणीच्या दिवशी सोबत जाणे ही कामे आपल्या कार्यकर्त्या करतात. जवळच्या मोठ्या रुग्णालयाशी औपचारिक भागीदारी व्हावी आणि या कामाच्या खर्चाचा काही भाग रुग्णालयाने उचलावा, अशी आपली अपेक्षा आहे. दोन बैठका झाल्या. दोन्ही वेळा कामाचे कौतुक झाले आणि शेवटी ‘तुमच्याकडे डेटा आहे का?’ असे विचारले गेले. आपण वार्षिक अहवाल दिलात. त्यानंतर काहीच घडले नाही. आता कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि कोणकोणती माहिती गोळा करावी, असे आपण विचारले आहे.

सॉफ्टवेअर सध्या घेऊ नका. काही शे लोकांपर्यंतचे काम नीट आखलेल्या एक्सेल शीटमध्ये व्यवस्थित चालते, आणि शीट नीट आखता आली नाही तर सॉफ्टवेअरमध्येही तोच गोंधळ अधिक खर्चात होतो. माहिती कोणती गोळा करावी, याचे उत्तर मात्र दुसऱ्या एका प्रश्नावर अवलंबून आहे: बैठकीत समोर बसलेली व्यक्ती ‘डेटा आहे का?’ असे विचारते, तेव्हा तिला नेमके काय हवे असते? मी काही वर्षे रुग्णालयाच्या बाजूने आणि त्यानंतर बरीच वर्षे संस्थांच्या बाजूने अशा बैठकांना बसलो आहे. माझ्या अनुभवात त्या प्रश्नाचा अर्थ असा असतो: ‘आमची कोणती अडचण तुमच्यामुळे कमी होईल, किती कमी होईल, आणि हे मी माझ्या वरिष्ठांना कोणत्या आधारावर सांगू?’ वार्षिक अहवाल या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण तो देणगीदाराच्या प्रश्नासाठी लिहिलेला असतो. देणगीदाराला किती काम झाले हे हवे असते, म्हणून त्यात किती जेवणे दिली, किती गृहभेटी झाल्या, किती शिबिरे घेतली हे येते. हे आकडे खरे असतात आणि त्यामागे कष्टही असतात. पण वैद्यकीय अधीक्षकांना त्यांतून स्वतःच्या वॉर्डाबद्दल काहीही कळत नाही.

म्हणून सुरुवात आपल्या नोंदवहीपासून न करता रुग्णालयाला काय दिसत नाही इथून करावी. रुग्ण दारातून आत आल्यापासून डिस्चार्जच्या कागदावर सही होईपर्यंतचे सारे रुग्णालयाला दिसते: रक्तदाब, तपासण्या, औषधे, खाटेवरचे दिवस. तो बाहेर पडला की नोंद थांबते आणि तो पुन्हा दाखल झाला की नवी नोंद सुरू होते. मधल्या दिवसांत त्याने औषध घेतले का, फ्रिज नसल्यामुळे इन्सुलिन खराब झाले का, जिने चढवत नसल्यामुळे तो तपासणीला आला नाही का, यांपैकी काहीही त्या संगणकात नसते. आणि जे कधी दारापर्यंत आलेच नाहीत, ते तर कोणत्याच नोंदीत नसतात. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो मला या संदर्भात नेहमी आठवतो. ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांना काही तक्रार होती, तपासणीत ९२ टक्क्यांमध्ये स्त्रीरोग आढळले आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. एखाद्या रुग्णालयाने केवळ आपल्याकडे आलेल्या रुग्णांचे आकडे कितीही काटेकोरपणे मांडले असते, तरी ही गोष्ट त्याला कधीच कळली नसती. आपल्या संस्थेकडे असलेली खरी पुंजी याच जातीची आहे.

याहून जुने एक उदाहरण आहे, आणि ते सहसा अर्धेच सांगितले जाते. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे तपासून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवले आणि पंपाचा दांडा काढला गेला. इथपर्यंतची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. त्याच वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचे एक तरुण धर्मोपदेशक काम करत होते. त्यांना स्नो यांचे म्हणणे सुरुवातीला मान्य नव्हते आणि ते खोडून काढण्यासाठी त्यांनी स्वतः घरोघर चौकशी सुरू केली. त्या घरांतली माणसे त्यांच्या ओळखीची होती. कोण कधी आजारी पडले, पाणी कोण आणत असे, कोण घर सोडून गेले, हे ते पुन्हा पुन्हा जाऊन विचारू शकत होते. त्या चौकशीने त्यांचेच मत बदलले, आणि साथीच्या आधी आजारी पडलेल्या एका तान्ह्या बाळाचे प्रकरण त्यांनीच शोधून काढले. त्या बाळाची दुपटी धुतलेले पाणी पंपालगतच्या शोषखड्ड्यात टाकले गेले होते. डॉक्टरांची मांडणी आणि वस्तीतल्या माणसाची चौकशी एकत्र आली, तेव्हा पुरावा पूर्ण झाला. भागीदारीच्या बैठकीला जाताना आपण व्हाइटहेड यांच्या भूमिकेत असता, हे मनाशी पक्के असू द्या. ज्या घरात रुग्णालय पोहोचू शकत नाही, त्या घरातली माहिती आपण देऊ शकता. मदत मागणे हा त्या बैठकीचा केवळ एक भाग आहे.

आता रुग्णालयाचा प्रश्न कसा ओळखावा ते पाहू. रुग्णालय ही एक व्यक्ती नसते. अधीक्षकांना खाटा मोकळ्या होण्याची चिंता असते, लेखा विभागाला न मिळालेल्या पैशांची, वॉर्डच्या सिस्टरना ‘घरी पाठवायचे, पण घरी कोणीच नाही’ अशा रुग्णांची, आणि समाजसेवा विभागातल्या एकदोन व्यक्तींना या सगळ्यांची. माझा सल्ला असा की पहिली चर्चा वैद्यकीय समाजसेवक आणि वॉर्डच्या सिस्टर यांच्याशी करावी आणि एकच गोष्ट विचारावी: ‘गेल्या महिन्यात कोणते रुग्ण वैद्यकीय कारण संपल्यावरही घरी जाऊ शकले नाहीत, आणि कोणते काही दिवसांतच परत आले?’ अधीक्षकांच्या खोलीत अर्धा तास बसून जे कळत नाही, ते या एका प्रश्नाने कळते. त्याच वेळी रुग्णालयाने स्वतः प्रसिद्ध केलेली कागदपत्रे वाचून ठेवावीत. अमेरिकेत तर करमाफी असलेल्या ना-नफा रुग्णालयांना २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार दर तीन वर्षांनी आपल्या परिसराच्या आरोग्यविषयक गरजांची पाहणी करून ती प्रसिद्ध करावी लागते. जिथे असा अहवाल उपलब्ध असतो, तिथे रुग्णालयाने स्वतःच मान्य केलेल्या गरजांची यादी आयती मिळते आणि बोलणे त्यांच्याच शब्दांत सुरू करता येते.

पैशांचा प्रवाह समजून घेतल्याशिवाय मात्र एकही आकडा मांडू नका. ‘आमच्यामुळे रुग्ण परत दाखल होण्याचे प्रमाण घटेल’ हे वाक्य प्रत्येक रुग्णालयाला सुखावणारे असेलच असे नाही. ज्या रुग्णालयाला प्रत्येक भरतीमागे पैसे मिळतात आणि ज्याच्या खाटा रिकाम्या असतात, त्याच्यासाठी कमी भरती म्हणजे कमी उत्पन्न असते, आणि बचत होते ती विमा कंपनीची, सरकारची किंवा रुग्णाच्या कुटुंबाची. खर्च एकाच्या खिशातून आणि बचत दुसऱ्याच्या खिशात, अशी ही रचना असते. याउलट खाटा कायम भरलेल्या असतील, किंवा परत आलेल्या रुग्णांसाठी दंड असेल, तर तेच वाक्य लगेच ऐकले जाते. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असलेल्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात केली. सुरुवातीला हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे आणि न्यूमोनिया या तीन कारणांसाठी, आणि आज ही कपात जास्तीत जास्त ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यानंतर डिस्चार्जनंतरच्या पाठपुराव्यात रुग्णालयांना रस वाटू लागला. आपल्याकडचे काम तेच असते, पण त्याची किंमत पैसे देणाऱ्याच्या नियमांवर ठरते. त्यामुळे कधीकधी योग्य भागीदार रुग्णालय नसून विमा देणारी यंत्रणा किंवा आरोग्य विभाग असतो, आणि हे पहिल्या महिन्यात कळले तर दोन वर्षे वाचतात.

आता आपल्या नोंदींकडे वळू. बहुतेक संस्थांकडे माहिती कमी नसते. तिच्यातल्या शब्दांचे अर्थ ठरलेले नसतात. एका संस्थेच्या नोंदी तपासताना मला ‘पाठपुरावा पूर्ण’ हा शेरा शेकडो ओळींत दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की एक कार्यकर्ती रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यावरच तो शेरा लिहीत असे आणि दुसरी तीन वेळा फोन करूनही उत्तर न मिळाल्यास प्रकरण बंद करताना तोच शेरा लिहीत असे. दोघीही प्रामाणिक होत्या आणि दोघींचे आपापल्या जागी बरोबर होते, पण त्या स्तंभाची बेरीज निरर्थक होती. म्हणून नवे स्तंभ वाढवण्याआधी आहेत त्या स्तंभांची व्याख्या एका पानावर लिहा, कार्यकर्त्यांसोबत बसून लिहा, आणि तारीख घालून ते पान नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. या कामाला एक दुपार लागते. इतक्या थोड्या श्रमात इतका फायदा देणारे दुसरे काम मला माहीत नाही.

किती माहिती घ्यावी, याबाबत मी कंजूष आहे. व्यक्तीचा क्रमांक, वयोगट, कोणाकडून पाठवली गेली आणि कधी, पहिला संपर्क कधी झाला, कोणती गरज सांगितली, कोणती सेवा मिळाली, सेवा कधी आणि का थांबली, आणि ठरलेल्या दिवशी तिची स्थिती काय होती, इतके पुरते. याशिवाय प्रत्येक प्रश्न विचारण्याआधी ‘या उत्तरावरून आपण काय वेगळे करणार?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर नसेल तर तो प्रश्न गाळावा. कार्यकर्तीचा वेळ हा संस्थेचा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि आजारी माणसाला त्याच्याच घरात वीस प्रश्न विचारणे हे त्याच्यावर लादलेले ओझे असते.

जे प्रश्न विचाराल ते शक्यतो आधीच पारखलेले घ्यावेत, म्हणजे रुग्णालयाच्या आकड्यांशी आपल्या आकड्यांची तुलना करता येईल. घरातील अन्नटंचाई ओळखण्यासाठी दोनच विधानांची एक प्रचलित पद्धत आहे: गेल्या १२ महिन्यांत पैसे येण्याआधीच अन्न संपेल अशी काळजी वाटली, आणि आणलेले अन्न पुरले नाही व आणखी आणायला पैसे नव्हते. यांपैकी कोणत्याही एका विधानाला ‘अनेकदा’ किंवा ‘कधीकधी’ असे उत्तर आले, तर त्या घराला अन्नटंचाईचा धोका आहे असे मानतात. डॉक्टर वापरतात त्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणातही झेड-५५ ते झेड-६५ हे संकेतांक शिक्षण, रोजगार, घर, उत्पन्न आणि कौटुंबिक परिस्थिती यांच्याशी निगडित अडचणींसाठी राखलेले आहेत. आपल्या ‘गरज’ या स्तंभातले पर्याय या संकेतांकांशी जुळवून घेतले, तर आपली नोंद डॉक्टरांच्या भाषेत आपोआप वाचता येते. हे काम एकदाच करायचे असते आणि त्याचा परिणाम बैठकीत लगेच दिसतो.

यापुढचा मुद्दा मी सर्वांत लांबवणार आहे, कारण चांगल्या हेतूच्या संस्था सर्वाधिक याच ठिकाणी फसतात. समजा आपण गेल्या वर्षी तीन किंवा अधिक वेळा दाखल झालेल्या रुग्णांची निवड केली, त्यांच्यासाठी वर्षभर मनापासून काम केले आणि वर्षअखेर पाहिले, तर त्यांच्या भरत्या निम्म्यावर आलेल्या दिसल्या. हा आलेख आपण रुग्णालयापुढे ठेवाल. अडचण अशी की आपण काहीही केले नसते, तरी तो आकडा बराच खाली आला असता. माणसाची निवड आपण त्याच्या सर्वांत वाईट वर्षात केलेली असते. वाईट वर्षानंतर बहुतेकांचे वर्ष त्यापेक्षा बरे जाते. काहींचा आजार आटोक्यात येतो, काहींची अडचण आपोआप सुटते, काही दुर्दैवाने जगत नाहीत. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

अमेरिकेतील कॅमडेन शहरात नेमके हेच अनुभवास आले. डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी तेथील रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा १ टक्का रुग्णांवर एकूण खर्चाच्या सुमारे ३० टक्के खर्च होतो असे दिसले. अशा रुग्णांना शोधून त्यांच्या घरी परिचारिका, समाजसेवक आणि कार्यकर्ते पाठवायचे, घर, औषधे, कागदपत्रे अशा सर्व अडचणींत सोबत करायची, असा कार्यक्रम तिथल्या संस्थेने उभा केला आणि तो जगभर वाखाणला गेला. पुढे त्या संस्थेने स्वतःहून आपल्या कामाची कठोर चाचणी होऊ दिली. ८०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाला कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला नेहमीची सेवा. २०२० च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: १८० दिवसांच्या आत पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण कार्यक्रमाच्या गटात ६२.३ टक्के आणि दुसऱ्या गटात ६१.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. फक्त कार्यक्रमातल्या रुग्णांची आधीची आणि नंतरची स्थिती पाहिली असती, तर भरतीच्या प्रमाणात ३८ टक्के-बिंदूंची घट दिसली असती आणि सर्वांनी ती कार्यक्रमाची किमया मानली असती. दुसऱ्या गटातही तशीच घट झाली, म्हणून खरे कळले.

यावरून असे काम निरुपयोगी आहे असा अर्थ मी काढत नाही. त्या चाचणीने एका विशिष्ट लोकांसाठी, एका विशिष्ट मापावर उत्तर दिले. ज्यांचे घर, उपचार आणि उत्पन्न या तिन्ही बाजू कोसळलेल्या असतात, त्यांच्यापर्यंत कार्यकर्ती पोहोचली तरी पुढे पाठवायला जागाच नसते, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. मला त्या संस्थेबद्दल मनापासून आदर आहे, कारण स्वतःची कीर्ती पणाला लावून तिने खरे जाणून घेतले. आपल्यासाठी यातून निघणारा धडा व्यावहारिक आहे. रुग्णालयात आकडेशास्त्र जाणणारी एक तरी व्यक्ती असते, आणि आधी-नंतरचा आलेख पाहून ती गप्प राहिली, तरी नंतर फोन येत नाही. त्याऐवजी तुलनेसाठी एखादा गट दाखवा. चिठ्ठ्या टाकण्याची चाचणी लहान संस्थेला झेपणार नाही, पण प्रतीक्षायादी जवळपास प्रत्येक संस्थेकडे असते: ज्यांना सेवा मार्चमध्ये मिळाली आणि ज्यांना जागा नसल्यामुळे जूनपर्यंत थांबावे लागले, त्यांची मधल्या तीन महिन्यांतली स्थिती ताडून पाहता येते. दोन वॉर्डांपैकी एका वॉर्डात काम आधी सुरू केले आणि दुसऱ्यात नंतर, तरी तुलना मिळते. प्रतीक्षायादीतले लोक कमी आजारी असण्याची शक्यता असते, हे मात्र त्याच पानावर स्वतःहून लिहा. स्वतःच्या आकड्याची मर्यादा आपण आधी सांगितली की समोरच्याचा विश्वास वाढतो; मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

परिणाम सिद्ध करण्याआधीच उपयोगी पडणारा एक आकड्यांचा संच आहे, आणि नव्या भागीदारीत मी त्यालाच सर्वाधिक महत्त्व देतो. तो म्हणजे रुग्ण वॉर्डातून निघाल्यापासून सेवा स्थिरावेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरची गळती. समजा एका महिन्यात ठरलेल्या निकषांत बसणारे १२० रुग्ण डिस्चार्ज झाले. त्यांपैकी ८० जणांची माहिती आपल्याकडे आली. ६० जणांशी संपर्क झाला, ४८ जणांनी सेवा स्वीकारली आणि ३० दिवसांनंतर ३६ जण सेवेत होते. अहवालात आपण ‘७५ टक्के लोक सेवेत टिकले’ असे लिहू शकता, कारण ४८ पैकी ३६ म्हणजे ७५ टक्केच होतात. अधीक्षकांच्या दृष्टीने मात्र १२० पैकी ३६, म्हणजे ३० टक्के लोकांपर्यंतच मदत टिकली. दोन्ही आकडे खरे आहेत. छेद वेगळा आहे. आपण दोन्ही सांगा, आणि मग गळती कुठे आहे ते दाखवा. ४० जण वॉर्डातच सुटले, म्हणजे डिस्चार्जच्या धावपळीत माहिती पाठवायची राहिली. हे आपण एकट्याने सुधारू शकत नाही. २० जणांशी संपर्कच झाला नाही, बहुधा फोन क्रमांक चुकीचा होता किंवा रुग्ण नातेवाइकांकडे गेला होता. कार्यकर्ती डिस्चार्जच्या आदल्या दिवशी खाटेपाशी जाऊन भेटली, तर ही संख्या झपाट्याने कमी होते. या एका तक्त्यामुळे बैठकीचा सूर बदलतो. ‘तुम्ही आम्हाला काय सिद्ध करून दाखवता?’ याऐवजी ‘आपण दोघांनी मिळून काय दुरुस्त करायचे?’ अशी चर्चा सुरू होते, आणि प्रत्यक्षात भागीदारी तिथूनच सुरू होते.

उलट दिशेची माहितीही मागा. रुग्णाला आपल्याकडे पाठवले, पण पुढे त्याचे काय झाले हे डॉक्टरांना कधी कळतच नाही, अशी स्थिती असेल तर तीन महिन्यांत डॉक्टर पाठवणे थांबवतात. प्रत्येक पाठवलेल्या रुग्णामागे ‘भेट झाली, जेवण सुरू झाले’ किंवा ‘संपर्क झाला नाही’ इतका एका ओळीचा निरोप ठरलेल्या दिवसांत परत गेला पाहिजे. कोणत्याही डॅशबोर्डपेक्षा हा निरोप जास्त काम करतो.

गोपनीयतेबाबत मी कडक आहे आणि आपणही असावे. नाव काढून टाकले की माहिती सुरक्षित झाली, हा समज खोटा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने त्या नोंदी मतदारयादीशी जुळवून खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद ओळखून दाखवली. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा विभाग क्रमांक इतकेच त्यासाठी पुरले. लहान वस्तीत तर ‘६८ वर्षांच्या, डायलिसिसवरच्या, एकट्या राहणाऱ्या बाई’ एवढ्यावरूनही शेजारी ओळखतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या तक्त्यात जन्मतारखेऐवजी वयोगट असावा, आणि अगदी लहान संख्या झाकाव्यात. मेडिकेअरची माहिती वापरणाऱ्यांना ११ पेक्षा लहान संख्या प्रसिद्ध करता येत नाही. आपणही तोच नियम पाळावा. संमती घेताना रुग्णाला तीन गोष्टी त्याच्या भाषेत, तोंडी समजावून सांगाव्यात: कोणती माहिती कोणाला जाईल, कशासाठी जाईल, आणि नकार दिला तरी सेवा थांबणार नाही. हे तिसरे वाक्य गाळले, तर घेतलेली संमती नावापुरतीच राहते. आपल्या देशातला माहिती-संरक्षणाचा कायदा याहून कडक असेल, तर अर्थातच तो लागू. करारापूर्वी एका वकिलाचा तास त्यासाठी खर्च करावा.

खर्चाचा आकडा बैठकीत कधीतरी विचारला जाणारच. बहुतेक संस्था तो कमी सांगतात, कारण कार्यकर्तीचे मानधन आणि प्रवास इतकेच त्यात धरतात. पर्यवेक्षण, प्रशिक्षण, नोंदी ठेवण्याचा वेळ, रजेवर असलेल्या कार्यकर्तीच्या जागी दुसरी पाठवणे, फोन, हिशेबतपासणी, हे सर्व धरून एका व्यक्तीमागचा महिन्याचा खर्च काढा. त्याबरोबर क्षमता सांगा: महिन्याला किती नवे रुग्ण घेता येतील आणि त्यापलीकडे गेल्यास काय बिघडेल. एका संस्थेने उत्साहाच्या भरात ‘कितीही पाठवा’ असे सांगितले. दुसऱ्या महिन्यात पाठवलेल्यांपैकी निम्म्या लोकांपर्यंत कोणी पोहोचले नाही आणि रुग्णालयाने काम थांबवले. त्या कार्यकर्त्यांच्या कष्टात काहीच कमी नव्हते. कमी होते ते एक साधे गणित, जे आधी मांडायला हवे होते.

सामंजस्य करार लिहिताना पैशांच्या कलमाइतकेच लक्ष माहितीच्या कलमांकडे द्यावे. माहिती कोणाच्या मालकीची, किती काळ ठेवायची, करार संपल्यावर तिचे काय होणार, आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तर ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवा. शेवटच्या मुद्द्यावर संकोच होतो, हे मला ठाऊक आहे. पण प्रतिकूल निष्कर्ष दडपले जाणार नाहीत अशी खात्री असेल, तरच अनुकूल निष्कर्षांना किंमत येते. शिवाय यशाचे माप दोन्ही बाजूंनी काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. निकाल हाती आल्यावर माप निवडले, तर ते नेहमीच आपल्या सोयीचे निवडले जाते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. आकडे मागणारा भागीदार मिळाला की संस्था हळूहळू मोजता येणारेच काम करू लागते. भेटींची संख्या वाढते आणि भेटीचा वेळ घटतो. अवघड माणसे यादीतून गळतात, कारण त्यांच्यामुळे टक्केवारी खाली येते. हे कोणी ठरवून करत नाही. यासाठी मी प्रत्येक संस्थेला एक अतिरिक्त आकडा ठेवायला सांगतो: आपल्याकडे पाठवलेल्यांपैकी किती जणांना आपण नाकारले आणि का. दर तिमाहीला तो आकडा कार्यकर्त्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. त्यातली कारणे ऐकल्यावर संस्था कोणत्या दिशेने सरकते आहे, हे वेळीच कळते. कार्यकर्त्यांचे शब्दही जपून ठेवावेत. ‘डॉक्टरांनी मीठ बंद सांगितले आहे, पण मोफत मिळणाऱ्या शिध्यातले निम्मे पदार्थ खारवलेले आहेत’ हे वाक्य एका कार्यकर्तीने माझ्यासमोर सांगितले होते, आणि त्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागाला त्या एका वाक्यातून जे कळले, ते कोणत्याही टक्केवारीने कळले नसते. अशी वाक्ये तक्त्याशेजारी जरूर ठेवा, मात्र व्यक्ती ओळखू येणार नाही याची काळजी घ्या.

आता तिसऱ्या बैठकीबद्दल. त्या बैठकीला वार्षिक अहवाल नेऊ नका, एकच पान न्या. वरच्या भागात वॉर्डाच्या सिस्टरनी आणि समाजसेवकांनी सांगितलेली अडचण त्यांच्याच शब्दांत एका परिच्छेदात लिहा. त्याखाली आपल्या नोंदींमधून त्या अडचणीबद्दल जे दिसते ते तीन-चार आकड्यांत, प्रत्येकाचा छेद आणि कालावधी देऊन मांडा, आणि या आकड्यांवरून काय सिद्ध होत नाही तेही लिहा. शेवटी एक छोटी विनंती करा: एकच वॉर्ड, एकच प्रकारचे रुग्ण, तीन महिने, महिन्याला ठरलेली संख्या, दोन्हीकडून एक-एक नाव ठरलेली संपर्कव्यक्ती, आणि दर महिन्याला अर्धा तास बसून गळतीचा तक्ता एकत्र पाहणे. पैशांची चर्चा तीन महिन्यांनंतर त्या तक्त्यावरच करू, असे स्पष्ट सांगा, पण त्या तीन महिन्यांचा खर्च कोण सोसणार हेही त्याच पानावर लिहा, म्हणजे गैरसमज राहणार नाही. बैठकीआधी आपल्या जुन्या नोंदींतील कोणत्याही पन्नास व्यक्तींच्या ओळी काढून त्यांतले ‘सेवा का थांबली’ हे कारण भरलेले आहे की नाही, इतके तपासून पाहा. ते अर्ध्याहून अधिक ठिकाणी कोरे असेल, तर बैठक महिनाभर पुढे ढकला आणि आधी कार्यकर्त्यांसोबत बसून तो एक स्तंभ भरून घ्या.